पद्मिनी, डुक्कर फियाट आणि डिलाइट: जुन्या फियाटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांची गाडी शेडमधून बाहेर काढायची आहे, कुणाकडची पद्मिनी विकायला निघाली आहे, किंवा या गाडीवर लोक एवढे का भाळतात तेच कळत नाही, अशा सगळ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माहिती पारखून घेतलेली आहे, मतं माझी आहेत. मला ही गाडी मनापासून आवडते. म्हणूनच तिच्या खोडी झाकून ठेवायला आवडत नाही.

फियाट ११००, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी ही सगळी एकच गाडी का?

मूळ एकच. फियाटने १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११००-१०३ ही मोटार आणली. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि डिसोटो गाड्या जोडायची, पुढे फियाटशी करार झाला आणि ११०० कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. पहिली गोलमटोल, मग तिच्याच सुधारित आवृत्त्या, आणि १९६४ पासून ११००-डी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'डिलाइट'. फियाटचा करार संपल्यावर सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत पत्र्याचा मूळ साचा तोच राहिला.

त्यामुळे १९७० सालच्या डिलाइटचा दरवाजा १९९० च्या पद्मिनीला बसतो का, असं कुणी विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा 'थोडं ठोकठाक करून बसतो' असंच असतं. सुटे भाग शोधताना याचा फार उपयोग होतो.

'डुक्कर फियाट' नक्की कोणती?

पन्नाशीच्या दशकातली पहिली ११००. फुगीर मडगार्डं, गोल पाठ, पुढे आलेलं नाक. महाराष्ट्रात तिला हे नाव पडलं आणि चिकटलं. नाव ऐकून नवखे लोक नाक मुरडतात, पण ज्यांच्याकडे ही गाडी आहे ते कौतुकानेच 'आमची डुक्कर' म्हणतात.

तिची ओळखायची खूण म्हणजे पुढचे दरवाजे. बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे दार पुढून उघडतं. पुढचं आणि मागचं दार एकदम उघडलं की दोन्ही दारं मधल्या खांबाला पंखांसारखी लटकलेली दिसतात. साडी नेसलेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात शिरणं सोपं जायचं. धोका मात्र खरा होता. चालत्या गाडीत दार नीट लागलेलं नसलं तर वारा ते खेचून सताड उघडायचा. ११००-डी मध्ये बिजागऱ्या पुढे आल्या आणि ते योग्यच झालं. डुक्कर घेतली असेल तर दोन्ही पुढच्या दारांची कुलपं आणि ती ज्यांत अडकतात ते समोरचे स्ट्रायकर सगळ्यात आधी दुरुस्त करून घ्या, रंगाचं नंतर बघा.

डिझाइन खरंच चांगलं होतं, की आपण लहानपणात रमतो?

आठवणींचा वाटा आहेच. पण तो बाजूला ठेवला तरी डिझाइन उभं राहतं.

गाडीत चालकाच्या जागी बसून बघा. काच उभी आहे, खांब सडपातळ आहेत, बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात. मागे वळून पाहिलं तर डिकीच्या दोन्ही बाजूंना छोटे पंख आहेत आणि त्यांवरून गाडी कुठे संपते ते कळतं. पुण्यातल्या पेठांच्या बोळात ही गाडी मागे घेताना कॅमेरा नसल्याची अडचण जाणवत नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांचा मागचा खांब इतका जाड आणि काच इतकी चिंचोळी असते की सेन्सर शिट्टी वाजवील तेवढ्यावर विसंबावं लागतं.

दुसरी गोष्ट त्रिकोणी काच. पुढच्या दाराच्या कोपऱ्यातली ही लहान काच उभ्या आसावर फिरते. थोडी बाहेर काढली तर आतली गरम हवा ओढून काढते, पूर्ण फिरवली तर वारा सरळ अंगावर येतो. पावसात मोठी काच बंद ठेवून हीच बोटभर उघडायची, म्हणजे पुढच्या काचेवर वाफ धरत नाही. मोटर नाही, वायर नाही. एसी स्वस्त झाल्यावर कंपन्यांनी ती काढून टाकली आणि माझ्या मते मोटारींनी एक शहाणी वस्तू गमावली.

तिसरी गोष्ट बॉनेटखाली. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, आजूबाजूला हात घालायला मोकळी जागा, प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते. प्लग, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंप, डायनामो. गाडी का बंद पडली याचा माग मालकाला स्वतः काढता येतो. मालकाला आपली गाडी समजावी हा डिझाइनचा भाग आहे, असं मी मानतो. पद्मिनी त्यात आजही बऱ्याच नव्या गाड्यांच्या पुढे आहे.

वाईट काय होतं, तेही सांगतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ४० च्या आसपास अश्वशक्ती आणि जवळपास ९०० किलो वजन. मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यात उडते. आणि १९५३ चा साचा नव्वदच्या दशकापर्यंत विकत राहणं हे डिझाइनरचं यश नव्हतं, ती परमिटराजची देणगी होती. स्पर्धा नव्हती, नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत होते, मग कंपनी बदलेल कशाला?

हँडगिअर शिकायला किती अवघड आहे?

अवघड नाही, सवयीचं आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे मधली जागा मोकळी राहते, आणि म्हणून पुढे सलग बाक बसतो. पुढे तिघं, मागे चौघं आणि मांडीवर मुलं, असं घरदार या गाडीतून लग्नाला गेलेलं आहे.

शिकताना गिअर 'सापडत नाही' अशी तक्रार असते. दहातल्या नऊ वेळा दोष शिकणाऱ्याचा नसतो. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांच्या सांध्यांतले बुश झिजलेले असतात. दांडा हातात लुळा वाटला, किंवा पहिला टाकायला जावं आणि वेगळाच पडावा असं झालं, तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी बुश बदला. काही शे रुपयांत काम होतं. बुश नवे असलेला हँडगिअर दोन बोटांनी पडतो.

पद्मिनी की अँबेसेडर?

हा वाद घराघरांत झालेला आहे. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५७ पासून २०१४ पर्यंत कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनत राहिली. ती मोठी, मऊ, खड्डे गिळणारी. सरकारी साहेब, लाल दिवा, मागच्या सीटवर पसरून बसणं हे तिचं. पद्मिनी स्वतः चालवणाऱ्याची गाडी. स्टिअरिंग हलकं, वळण लहान, शहरात चपळ. मुंबईने टॅक्सीसाठी फियाट धरली आणि कोलकात्याने अँबेसेडर, यातच दोन्ही गाड्यांचा स्वभाव आला.

मला विचाराल तर पाच माणसं आणि सामान घेऊन लांब जायचं असेल तर अँबेसेडर, बाकी सगळ्याला पद्मिनी. लालबहादूर शास्त्रींनीही पंतप्रधान असताना १९६४ साली घरासाठी घेतली ती फियाटच. किंमत १२,००० रुपये, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ. ते गेल्यावर उरलेलं कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. मोटारींची आवड असलेल्या प्रत्येकाने एकदा ती जाऊन बघावी.

"जुनी गाडी म्हणजे अस्सल लोखंड, धडक बसली तरी काही होत नाही." खरं का?

नाही. या एका गैरसमजाबद्दल मी हात जोडून सांगतो, की तो पसरवू नका.

जाड पत्रा वाकला नाही म्हणजे धडकेचा जोर गेला कुठे? तो आतल्या माणसांकडे गेला. आजच्या गाडीचं नाक चुरगळतं ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं, म्हणजे धक्का तिथेच जिरावा. पद्मिनीत तसं काही नाही. स्टिअरिंगचा दांडा धडकेत घडी होत नाही, डोक्याला आधार नाही, एअरबॅग नाही, आणि जुन्या गाड्यांत बेल्टही नाहीत. किरकोळ टक्करीत पद्मिनीचा बंपर शाबूत राहतो आणि समोरच्या नव्या गाडीचा प्लास्टिक बंपर तुटतो, त्यावरून लोक निष्कर्ष काढतात. हायवेवरची धडक वेगळी असते.

म्हणून पुढे बेल्ट बसवून घ्या. ब्रेकचे पाइप आणि व्हील सिलिंडर नवे टाका. आणि एक्स्प्रेसवेचा नाद सोडा, जुन्या हायवेने साठ-पासष्टच्या वेगात जा. मुलांना पुढच्या बाकावर उभं करून नेणं तेव्हा सर्रास चालायचं, आता करू नये.

घाटात गाडी बंद पडते आणि लोक पंपावर ओलं फडकं टाकतात. का?

पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो आणि इंजिनच्याच जोरावर चालतो. एप्रिल-मेच्या उन्हात, दुसऱ्या गिअरमध्ये, बोरघाट किंवा कसारा चढताना इंजिन तापतं, पुढून वारा कमी मिळतो, आणि पंपातलं किंवा पाइपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी असतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो, गाडी दोन-तीन गचके देते आणि थांबते. गॅरेजवाले याला 'एअर लॉक' म्हणतात. ओलं फडकं पंपाला आणि पाइपाला गार करतं, वाफेचं परत पेट्रोल होतं आणि गाडी सुरू होते.

फडकं हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय करायचा तर पंप इंजिनवर जिथे बसतो तिथे बघा. मध्ये बेकेलाइटचा जाडसर तुकडा हवा. तो इंजिनची उष्णता पंपाकडे जाऊ देत नाही, आणि त्याची जाडी पंपाच्या दांड्याचा पल्लाही ठरवते. अनेक गाड्यांत मागच्या कुणीतरी तो फुटल्यावर फेकून दिलेला असतो आणि त्या जागी साधं कागदी पॅकिंग लावलेलं असतं. मग पंप चटकन तापतो, आणि पल्ला चुकल्यामुळे नीट चालतही नाही. तो तुकडा परत बसवला, रेडिएटर धुऊन घेतला आणि फॅनबेल्ट ताणला की घाटातली निम्मी दुखणी जातात.

काटा लालवर गेला असेल तर मात्र चालवत राहू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. एकदा तापून वाकलं की गॅस्केट बदलून भागत नाही, हेड प्लेन करायला न्यावं लागतं. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायची घाई करू नका. हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

विकत घेताना काय बघू?

पत्रा. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं दुरुस्त होतं, पत्रा सडला तर खिसा रिकामा होतो. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून फ्लोअर आणि दारांखालचा पट्टा सडला असेल तर तो सांगाडाच सडला असं समजा.

चटई उचलायला लावा. पाय ठेवतो तिथे, मागच्या सीटखाली, डिकीच्या तळाला आणि बॅटरीखाली स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दाबून बघा. भुसभुशीत लागलं तर समजायचं. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा आणि मडगार्डांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरलेली आहे. नव्या चकचकीत रंगाची गाडी मी जास्त संशयाने बघतो, रंग उडालेली पण कोरडी गाडी परवडली. पुढची काच रबरात बसते तिथे खालच्या कोपऱ्यांत गंज असेल तर पावसाचं पाणी आत उतरून फ्लोअर सडत आलेला असतो.

गाडी कुठे राहिली हेही विचारा. सोलापूर, लातूर, सांगलीकडे राहिलेली गाडी आणि रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईच्या समुद्राजवळ उघड्यावर राहिलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खारी हवा पत्रा आतून खाते.

इंजिनसाठी एवढं पुरे: सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर परत दुसऱ्या दिवशी जा. चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, निळा धूर नाही, टॅपेटचा (इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या भागाचा) एकसारखा टिकटिक आवाज आहे, तर ठीक. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात, खेळ असेल तर तिथेच कळतं, आणि भावही तिथेच कमी करून घेता येतो.

कागदपत्रांचं काय? १५ वर्षांनंतर गाडी भंगारात जाते ना?

महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षं झाली म्हणून भंगारात काढायची सक्ती नाही. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्याच्या बातम्या वाचून इकडेही लोक घाबरून चांगल्या गाड्या कवडीमोलाने विकून टाकतात. इथे गाडी आरटीओत दाखवून दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा, पीयूसी आणि किमान थर्ड पार्टी विमा चालू ठेवायचा. खर्च वाढला आहे हे खरं. मोटारीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि २०२५ साली २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० वर गेलं.

गाडीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मोह पडतो, पण अट वाचा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. ज्याला रविवारी सकाळी मिसळ खायला गाडी काढायची आहे त्याने साधं नूतनीकरणच करत राहावं.

खरेदीच्या वेळी आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवर ताडून बघा. मूळ मालक वारले आणि वारसांनी नाव बदललंच नाही, अशा गाड्या खूप आहेत. 'सगळं करून देतो' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आधी वारसांच्या नावावर होऊ द्या, मग पैसे द्या.

आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर चालते का?

चालते, पण तयारी लागते. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता देशभर मिळतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप, पंपातला पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंगं इथेनॉलसाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, गळू लागतात. गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून इंधनाचा सगळा रबरी माल इथेनॉल सोसणारा टाका, आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाइपांवरून बोट फिरवा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत गंज धरतो. पेट्रोल गाळायला पारदर्शक फिल्टर लावा, टाकीतला कचरा त्यात दिसतो.

सुटे भाग मिळतात कुठे?

लोकांना वाटतं त्याहून सहज मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसकडची स्पेअर पार्टची दुकानं, चोर बाजार. पुण्यात नाना पेठ. इंजिनचा आणि ब्रेकचा माल बहुतेक मिळून जातो, कारण टॅक्स्यांमुळे तो वर्षानुवर्षं बनत राहिला. दुर्मीळ झालाय तो दिसणारा माल: मूळ ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, डुक्करचे दिवे, दारांच्या मुठी. त्यामुळे गाडी घेताना इंजिन बंद असलेली पण क्रोम पूर्ण असलेली मिळाली तर ती उचला.

जुना भाग बदलला तरी फेकू नका. आजचा नवा माल कधी कधी इतका हलका असतो की जुना दुरुस्त करून परत बसवायची वेळ येते.

आणि मिस्त्री जपा. कानाने टायमिंग लावणारी, प्लगचा रंग बघून पेट्रोल-हवेचं मिक्श्चर सांगणारी ही पिढी आता थकली आहे. त्यांच्या शेजारी उभे राहा, विचारा, मोबाइलवर टिपून ठेवा. त्यांचे पैसे घासाघीस न करता द्या.

मारुतीचं इंजिन टाकू का? एसी, डिस्क ब्रेक, मोठे टायर?

इंजिन बदलू नका. आरटीओच्या मंजुरीशिवाय ते बेकायदा आहे, विमा कंपनी हात वर करते, आणि गाडीची किंमतही जाते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी भलतीकडे नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच स्पष्ट केलं आहे.

काही सुधारणा मात्र मी आनंदाने सुचवतो, कारण त्या परत काढता येतात. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. दिव्यांना रिले, म्हणजे जुन्या स्विचवर भार येत नाही आणि उजेडही वाढतो. रेडियल टायर, मूळ मापाजवळचे. एसी नको. चाळीस अश्वशक्तीतले चार-पाच त्यानेच खाल्ले तर चढ कसा चढणार?

प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीबद्दल काय मत?

तिला मिळाला त्याहून जास्त मान मिळायला हवा होता. १९८५ ला आलेली गाडी, स्पेनच्या सियाट १२४ चा साचा आणि निसानचं ११७१ सीसी इंजिन. सरळ रेषांची, स्वच्छ, आत ऐसपैस. पद्मिनीची माया तिला लाभली नाही आणि मारुतीचा भाव तिला जमला नाही. चांगल्या अवस्थेतली दिसली तर नक्की घ्या.

मारुती ८०० ने पद्मिनीला एवढ्या लवकर कसं मागे टाकलं?

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्या गेल्या आणि त्या दिवसापासून 'गाडी सकाळी सुरू होईल का' हा प्रश्न भारतीय घरांतून जायला लागला. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, वजन पद्मिनीपेक्षा दोनशेहून अधिक किलोंनी कमी, पेट्रोल कमी. ड्रायव्हर किंवा मिस्त्री ओळखीचा असावा लागत नव्हता. बायकांनी मोठ्या संख्येने गाडी चालवायला घेतली ती मारुतीमुळे, कारण क्लच हलका आणि गिअर सोपा. पद्मिनीप्रेमींनी मारुतीला 'पत्र्याचा डबा' म्हणून हिणवलं, ते मला कधीच पटलं नाही. डिझाइन लोकांच्या रोजच्या गरजेला उतरलं तर ते चांगलंच डिझाइन.

मग आजच्या गाड्यांवर राग कशाचा?

गाड्यांवर राग नाही, पडद्यांवर आहे. पद्मिनीत वायपरची कळ कुठे आहे ते अंधारात हाताला माहीत असतं. आज वारा वाढवायचा तर काचेच्या पडद्यावर दोन पानं उलटावी लागतात आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावर नसते. खड्ड्यांत बोट भलतीकडे पडतं. युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा चाचणी संस्थेलाही हे पटलं. इंडिकेटर, हॅझार्ड, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताला लागणाऱ्या कळा नसतील तर २०२६ पासून गुण कमी होणार, असं तिने जाहीर केलं. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांनी शोरूममध्ये हाच आग्रह धरला पाहिजे. 'पडदा किती इंची' याऐवजी 'एसीचं बटण कुठे' हे विचारा.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आता कुठेच दिसत नाही का?

टॅक्सी म्हणून नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. एक तरी गाडी सरकारने सांभाळून लोकांना बघायला ठेवावी अशी मागणी तेव्हा झाली, आणि माझाही तिला पाठिंबा आहे. बाहेर लोखंडी मीटर, वरती कॅरिअर, आत फुलाफुलांचं छत, डॅशबोर्डवर गणपती किंवा दर्ग्याचा फोटो, आणि आतून न उघडणारं दार बाहेर हात घालून उघडायची ड्रायव्हरची सूचना. अर्ध्या शतकाची मुंबई त्या बाकावर बसून कामाला गेली.

फियाटवाल्यांमध्ये कोणते विनोद चालतात?

सगळ्यात जुना: 'हॉर्न सोडून सगळं वाजतं.' हाच अँबेसेडरवाल्यांकडेही चालतो, आणि दोन्हीकडचे लोक तो समोरच्याचाच आहे असं सांगतात. दुसरा लिफ्टचा: 'घाईत नसाल तर सोडतो, घाईत असाल तर चालत जा.' घाटात गाडी चढेना झाली की मागच्यांना सांगायचं, 'सगळ्यांनी श्वास धरा, वजन कमी होईल.' आणि लग्नाळू मुलांबद्दल एक आहे: मुलगा मुलीला पद्मिनीतून फिरायला नेतो, गाडी बंद पडते, मुलगी न सांगता उतरून धक्का मारते, तेव्हा घरचे म्हणतात, हीच सून.

या विनोदांत कुचेष्टा नसते. ते सांगणारा माणूस बहुधा रविवारी सकाळी त्याच गाडीच्या चाकाशी ग्रीसगन घेऊन बसलेला असतो.

रोज वापरता येईल का, आणि खर्च किती?

रोज ऑफिसला नेऊ नका. क्लचवर पाय ठेवून दोन तास ट्रॅफिकमध्ये, हे तिचं काम नाही. पण आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर जरूर चालवा. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. व्हील सिलिंडर जॅम होतात, कार्बोरेटरमध्ये डिंक साचतो, उंदीर वायरी कुरतडतात. शहरात लिटरला दहा-अकरा, मोकळ्या रस्त्याला तेरा-चौदा किलोमीटर धरा. ऑइल वेळेवर, ग्रीसिंग पावसाळ्याआधी आणि नंतर. पहिल्या वर्षी खर्च जास्त होतो, कारण मागच्या मालकाने टाळलेलं सगळं तुमच्या वाट्याला येतं. जेवढ्याला गाडी घेतली जवळपास तेवढेच पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, म्हणजे मध्येच हात आखडत नाही आणि गाडी अर्धवट उघडून गॅरेजात पडत नाही.

बाबांची पद्मिनी आहे, घरात चालवणारं कोणी नाही. विकू का ठेवू?

चालवणारं खरंच कोणी नसेल तर विका, आणि वेळेत विका. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी दोन पावसाळ्यांत संपते, ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते आणि गंज दुप्पट वेगाने धरतो. आधी आरसी वारसाच्या नावावर करून घ्या, विमा चालू करा, टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. भंगारवाल्याला देऊ नका. जवळच्या शहरात जुन्या गाड्यांचे हौशी लोक असतात, त्यांना बोलावून दाखवा. जो माणूस आल्या आल्या भाव न विचारता चटई उचलून फ्लोअर बघतो आणि डिकीतला मूळ जॅक आहे का विचारतो, त्याला दोन पैसे कमी घेऊनही द्या.